परक्याचा जामीन

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात कुणाच्या घरी परदेशी माणूस भाड्याने राहायला आला, की घरमालकाला चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. या नोंदीला सगळे 'सी-फॉर्म' म्हणतात. पासपोर्टचा नंबर, व्हिसाची मुदत, कुठून आला, पुढे कुठे जाणार, हे सगळं ऑनलाइन भरायचं. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनाऱ्यावरच्या गावांत हे काम बहुधा घरातला शिकलेला मुलगा नाहीतर सून करते. फॉर्म भरायचा राहिला, तर चौकशी पहिल्यांदा घरमालकाच्या दारात येते. पाहुणा रशियाचा असो, इटलीचा असो की इस्रायलचा, गावापुरता त्याचा जामीन घरमालकच.

चीनमध्येही हाच चोवीस तासांचा नियम आहे. हॉटेलात न उतरता कुणाच्या घरी राहणाऱ्या परदेशी माणसाची नोंद त्याने स्वतः किंवा यजमानाने चोवीस तासांत पोलीस ठाण्यात करायची असते. चीनमध्ये व्यवसायासाठी जाणाऱ्या पाश्चात्त्यांसाठी कितीतरी मार्गदर्शक पुस्तकं निघाली आहेत. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या, चारचौघांत कुणाचा पाणउतारा होऊ देऊ नका, कराराची घाई न करता आधी जेवणं होऊ द्या, 'गुआनशी' म्हणजे आपसांतले लागेबांधे जपा, असा उपदेश त्यांत असतो. तो खोटा नाही. पण परक्या मुलखात रुळणं म्हणजे तिथल्या रीतिभाती पाठ करणं, असा समज त्यातून होतो, आणि तो फार अपुरा आहे. परका माणूस रुळतो तो कुणाच्या तरी भरवशावर. कुणीतरी स्थानिक माणूस त्याच्यासाठी शब्द टाकतो, कागदावर आपलं नाव लावतो, प्रसंगी दंडही भरतो. त्या माणसाच्या पदरात बदल्यात काय पडतं, यावर पुढचं सगळं ठरतं. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन शेजारी तालुक्यांत हे स्वच्छ दिसतं. एका तालुक्यात परका घरात येऊन राहिला, दुसऱ्यात तो करारातच राहिला.

गोव्याचा आणि चीनचा या बाबतीतला संबंध जुना आहे. 1578 च्या सप्टेंबरात मातेओ रिची हा तरुण इटालियन जेझुइट गोव्यात उतरला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट आला. दोघांचीही सुरुवातीची घडण रोममध्ये झाली होती. स्टीफन्स गोव्यातच राहिला, चाळीस वर्षं. ओवीछंदात त्याने जवळपास अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचलं, ते 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. ज्या सत्तेच्या आश्रयाने तो आला, तिनेच सासष्टीतली देवळं पाडली होती. हे विसरून त्याचं कौतुक करता येत नाही. पण ज्या लोकांत राहायचं त्यांच्या पुराणाची चाल आणि त्यांची ओवी आपलीशी करावी, हे त्याला उमगलं होतं.

रिचीचा गोव्यातला मुक्काम तीनचार वर्षांचा. स्थानिक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञानासारखे वरचे विषय शिकवू नयेत, या धोरणाविरुद्ध त्याने 1581 मध्ये इथूनच रोमला पत्र लिहिलं. 1582 मध्ये तो मकावला गेला आणि तिथून चीनमध्ये. आधी त्याने बौद्ध भिक्षूंचा वेश घेतला. अधिकारी आणि विद्वानांच्या जगात भिक्षूला फारसा मान नाही, हे चिनी स्नेह्यांनी सांगितलं, तेव्हा 1595 मध्ये त्याने तो टाकून विद्वानांचा झगा चढवला. त्याच वर्षी त्याने चिनी भाषेत एक छोटं पुस्तक लिहिलं. विषय होता मैत्री. मला वाटतं, चीनमध्ये रुळण्याबद्दल पाश्चात्त्य माणसाने दिलेला हा पहिला नेमका कबुलीजबाब आहे. झगा बदलणं हाती होतं, पण कोणता झगा घालायचा हे सांगणारा माणूस मिळवावा लागला. 1610 मध्ये तो बीजिंगमध्ये वारला, आणि बादशहाने त्याच्या दफनासाठी जागा दिली.

जामीनकीची तर गोव्यात लेखी कथाच आहे. 1583 मध्ये जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी या चार इंग्रजांना हेर समजून होर्मुझहून पकडून गोव्यात आणलं आणि तुरुंगात टाकलं. स्टीफन्सने आणि त्याच्या एका सोबत्याने खटपट करून त्यांच्यासाठी जामीनदार मिळवून दिला. रक्कम होती दोन हजार डुकॅट, अट होती शहर न सोडण्याची. चौघांपैकी तिघे पुढे जामीन मोडून आदिलशाही मुलखात पळाले आणि बेळगावमार्गे उत्तरेकडे गेले. चौथा, चित्रकार स्टोरी, मात्र गोव्यातच राहिला. काही काळ जेझुइटांच्या आश्रयाला राहून मग त्याने गावात दुकान मांडलं, गिऱ्हाईक जोडलं आणि तिथल्याच मुलीशी लग्न केलं. फिचने आपल्या प्रवासवृत्तांतात या जामीनदाराचं नाव नोंदवलं आहे आणि त्याला दिलेल्या पैशांचा आकडाही. पण पळून गेलेल्यांच्या मागे त्या जामीनदाराला कुणाकुणाला तोंड द्यावं लागलं, ते त्याने लिहिलेलं नाही.

चीनने पुढे ही जामीनकी थेट राज्यपद्धतीत बसवली. 1757 पासून 1842 पर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना कँटन हे एकच बंदर खुलं होतं. तिथे त्यांनी फक्त सरकारमान्य हाँग व्यापाऱ्यांशीच व्यवहार करायचा, नदीकाठच्या वखारींतच राहायचं, बायका आणायच्या नाहीत आणि व्यापाराचा हंगाम संपला की मकावला निघून जायचं. प्रत्येक जहाजामागे एक हाँग व्यापारी जामीन असे. खलाशाने दंगा केला, जकात चुकली, तरी जाब त्याला. परक्यांना चिनी भाषा शिकवणं हासुद्धा गुन्हा होता. 1759 मध्ये जेम्स फ्लिंट नावाच्या इंग्रजाने बादशहाकडे तक्रारीचा अर्ज धाडला. फ्लिंटला तीन वर्षांची कैद झाली. त्याला तो अर्ज चिनी भाषेत लिहून देणाऱ्या माणसाचा शिरच्छेद झाला. परक्याची चूक आणि स्थानिकाची मान, हा हिशेब याहून उघडा कुठे दिसायचा नाही. ज्या मकावमध्ये हे व्यापारी बिगरहंगामात राहत, ते 1844 पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होतं. पणजीच्या म्हामाय कामतांची पेढी फ्रेंचांसाठी दलालीचं काम करत होती. या घराण्याचे कागद पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपलेले आहेत. परक्या व्यापाऱ्याला घरचा माणूस लागतोच, हे त्या एका घराच्या दप्तरावरूनही कळतं.

पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांच्या हाती फार उशिरा आले. डिचोली 1780 च्या दशकाच्या सुरुवातीला, पेडणे 1788 मध्ये. त्याआधी पेडण्यावर सावंतवाडीच्या भोसल्यांची सत्ता होती. या 'नव्या काबिजादी'त पोर्तुगीज सोळाव्या शतकातल्यासारखे वागले नाहीत. इथली देवळं, देवस्थानं आणि चालीरीती यांना हात लावणार नाही, असं त्यांनी कबूल केलं. 1853 मध्ये नव्या काबिजादीतल्या लोकांच्या रूढींची रीतसर संहिताच काढली. राज्यकारभारासाठी मराठी जाणणारे दुभाषे ठेवावे लागले आणि गावोगावच्या वतनदार घराण्यांना धरून राहावं लागलं. पेडण्याच्या देशप्रभूंना तर व्हायकाउंटचा किताब मिळाला. त्यांचा वाडा आजही पेडण्यात उभा आहे. राज्यकर्ता झाला तरी परका तो परकाच, आणि त्यालाही गावात जामीन शोधावा लागला.

आता डिचोलीकडे येऊ. 1906 च्या पोर्तुगीज हुकूमनाम्याने खनिजाच्या सवलती दिल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आणि युरोपातल्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवं होतं, आणि ते डिचोलीच्या लाल डोंगरांत होतं. शिरगावच्या खाणीसाठी खाणमालक चौगुल्यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जपान्यांशी करार केला. यंत्रसामग्रीसाठी कर्ज जपानने द्यायचं आणि त्याची फेड खनिजातून करायची. 1954 मध्ये इटालियन भांडवलावर 'स्कांबी एकोनॉमिची' ही कंपनी गोव्यात उभी राहिली. तिच्या आद्याक्षरांवरून 'सेसा' हे नाव पडलं. डिचोली तालुक्यातल्या माणसांना सेसा हा शब्द कोकणीच वाटावा इतका तो तोंडी बसला आहे. साखळीला सेसाची फुटबॉल अकादमी आहे, आमोण्याला कच्च्या लोखंडाचा कारखाना आहे. 1996 मध्ये इटालियनांचा हिस्सा जपानच्या मित्सुईकडे गेला, 2007 मध्ये तो वेदान्ता कंपनीने घेतला.

ही सगळी परदेशी गिऱ्हाइकं डिचोलीच्या जीवनात कितपत आली? जवळजवळ नाहीच. जपानी पोलाद कारखान्यांची पद्धत दीर्घ मुदतीच्या कराराची होती. वर्षाचा भाव बसून ठरवायचा आणि तो पाळायचा. त्यामुळे खाणमालकांशी त्यांचे संबंध पिढीभर टिकले. मग 2000 नंतर चीन आला. गोव्याच्या खनिजात लोहाचं प्रमाण कमी. पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या ज्या भुकटीला कुणी विचारत नव्हतं, ती चीनने घ्यायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं टाकाऊ म्हणून रचलेले ढीगसुद्धा विकले गेले. खरेदी मोठ्या प्रमाणात त्या दिवसाच्या भावाने. 2008 मध्ये भाव कोसळला तेव्हा ठरलेले सौदे पुन्हा भावावर आले आणि लिखित कराराचा भरवसा किती धरायचा, हा धडा भारतीय निर्यातदारांना मिळाला. इथे शिकणारा गोवेकर होता. चिनी पद्धतीशी जुळवून घ्यावं लागलं ते त्याला.

या व्यवहारात जामीन होता तो खाणपट्ट्याचा मालक, आणि तो बहुधा गावात राहत नव्हता. शिरगाव हे लईराई देवीचं गाव. वैशाखात तिच्या जत्रेला धोंड म्हणवणारे तिचे हजारो भक्त निखाऱ्यांतून चालत जातात. त्याच गावाच्या शेतांच्या अंगाला खाणींचे खोल खड्डे पडले, विहिरी आटल्या, आणि पाण्यासाठी शिरगावकरांना न्यायालयात जावं लागलं. खनिज घेणाऱ्या परक्याला शिरगावचं नाव माहीत असण्याचं कारणच नव्हतं. सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून त्या सुरू करायला परवानगी मिळाली, 2018 मध्ये 88 पट्टे रद्द होऊन पुन्हा बंद. ट्रकवाले, बार्जवाले आणि गॅरेजवाले कर्जाच्या हप्त्यांसह मागे राहिले. गिऱ्हाईक दुसऱ्या देशाचं खनिज घेऊ लागलं. त्याच्यावर ठपका ठेवण्यात अर्थ नाही. त्याला गावाशी बांधणारा माणूसच मध्ये नव्हता.

डिचोलीतल्याच मये गावाचं उदाहरण याहून वेगळं आणि जास्त बोचणारं आहे. तिथली बरीचशी जमीन पोर्तुगीज काळात एका काउंट घराण्याच्या मालकीची होती. 1961 च्या गोवामुक्तीनंतर मालक पोर्तुगालला गेला. 1964 च्या कायद्याने ती जमीन 'स्थलांतरितांची मालमत्ता' म्हणून सरकारी ताबेदाराकडे आली. मये गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांत राहत होते, ज्या बागा कसत होते, त्यांवर त्यांचा हक्क कागदावर लागेना. घर दुरुस्त करायचं तर परवानगी, वीज-पाण्याच्या जोडणीलाही आडकाठी. 2014 मध्ये विधानसभेने त्यासाठी खास कायदा केला, तोपर्यंत मुक्तीला पन्नासहून जास्त वर्षं उलटली होती. परका निघून जातो तेव्हा त्याच्या नावाचे कागद मागे राहतात आणि ते निस्तरणं गावाच्या वाट्याला येतं.

पेडण्याचा किनारा या दोन्हीहून निराळा. अंजुण्याला हिप्पी आले ते साठच्या दशकाच्या शेवटी. पेडणे मात्र शापोरा नदीच्या पलीकडे, फेरीबोटीच्या भरवशावर. अंजुणे-वागातोरला गर्दी झाली तेव्हा शांतता शोधणारे नदी ओलांडून हरमलला पोहोचले. गोड्या पाण्याच्या तळ्याजवळ, मच्छीमारांच्या घरांत, माडाच्या झापांच्या खोपटांत ते राहू लागले. शिवोली-चोपडे पूल झाला आणि हे सगळं झपाट्याने वाढलं. मोरजीत रशियन इतके आले की दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत लागल्या.

इथे दोनचार हंगाम काढलेला परदेशी माणूस काय काय शिकतो, ते पाहण्यासारखं आहे. पहिलं म्हणजे त्याला कळतं की या घरात ज्याच्याशी आपण बोलतो तो कर्ता असेलच असं नाही. भाडं, पाणी, चादरी, कुत्रा ठेवायचा की नाही, हे ठरवते ती घरची बाई. तिच्याशी ओळख झाली की आजारपणात पेज येते आणि गणेशचवथीला नेवऱ्या येतात. तिच्याशी बिनसलं की पुढच्या हंगामात खोली 'दिलेली' असते. तोंडावर नकार देण्याची रीत इथे नाही. समोरच्याचा मान राखून गोष्ट पुढे ढकलली जाते. शांघायमध्ये राहून आलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. जर्मनीतून थेट आलेल्याला वाटतं, काम होणार आहे, थोडा उशीर आहे इतकंच.

दुसरं शिक्षण जमिनीचं. कॅफे काढायचं म्हणून तो एकाशी बोलतो, भाव ठरतो, आणि मग कळतं की एक सही पुरत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे. त्याप्रमाणे लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता साधारणपणे सामायिक होते. म्हणून नवऱ्याइतकीच बायकोची सही लागते. भावंडांत वाटणी झालेली नसेल तर भावांची, बहिणींची, त्यांच्या जोडीदारांची सही लागते. त्यातला एक पोर्तुगालला, एक आखातात. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा इथे एक-चौदाचा उतारा असतो. त्यात मालकाखेरीज कुळाचं नाव, मुंडकाराचं म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं नाव लागलेलं असू शकतं. 1975 च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येत नाही. म्हणजे ज्या जागेवर परक्याने शेकोटीभोवती गाण्याचं स्वप्न रंगवलं, तिथे चारपाच कुटुंबांचा जुना हक्क आधीच नांदत असतो. माझ्या मते पेडणे समजून घ्यायचं तर हा उतारा वाचायला शिकावं. योगवर्गापेक्षा त्यातून गाव जास्त कळतं.

विकत घेण्याचा मार्ग तर बंदच. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे टुरिस्ट व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला भारतात जमीन घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेकरार तेवढा करता येतो. चीनसह काही देशांच्या नागरिकांना तर इथे वास्तव्य असलं तरी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. या शतकाच्या पहिल्या दशकात परदेशी लोकांनी वाकड्या वाटेने घेतलेल्या जमिनींची बरीच प्रकरणं गाजली, नोटिसा गेल्या. तेव्हापासून पाच वर्षांचा करार हाच रुळलेला मार्ग.

तिसरं, पंचांग. युरोपातला माणूस सप्टेंबरात जागा तयार करायला येतो, आणि चवथ लागलेली असते. सुतार नाही, गवंडी नाही, वीजवाला नाही. तो चिडतो. दुसऱ्या वर्षी तो चवथीची तारीख पाहून विमानाचं तिकीट काढतो. दसऱ्याला आणि कोजागिरीला पेडण्याची पुनव असते, तेव्हा सगळा तालुका भगवतीच्या देवळाकडे लोटतो. शिगम्यात रात्री रोमटांच्या मिरवणुकांचे ढोल वाजतात आणि त्यावर तक्रार करायची नसते. पण त्याच्या स्वतःच्या पार्टीचे ढोल मात्र रात्री दहाला बंद व्हायला हवेत. मोरजी-मांद्र्याच्या वाळूत नोव्हेंबरापासून समुद्री कासवं अंडी घालायला येतात, म्हणून प्रखर दिवेही चालत नाहीत. नवं काही सुरू करताना जागेच्या राखणदाराला, म्हणजे तिची राखण करणाऱ्या देवतेला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. कितीतरी परदेशी भाडेकरू घरमालकासोबत हात जोडून उभे राहतात. त्यांची श्रद्धा असते की नाही, हे गाव विचारत नाही. हजर राहणं पुरतं.

या ओळखीची कसोटी संकटात लागली. 24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा किनाऱ्यावर परदेशी पाहुणे अडकले. दुकानं बंद. हरमल-मांद्र्यात कित्येक घरांनी आपल्या चुलीवर पाहुण्यांचा भात रांधला. मार्च 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियन बँकांची कार्डं परदेशात चालेनाशी झाली, पैसे असून हाती नाहीत अशी रशियनांची गत झाली, तेव्हा भाडं थांबवणारी घरंही होती. जुनी ओळख असलेल्यांना हे मिळालं. ज्यांनी दलालामार्फत बंगला घेतला होता आणि शेजाऱ्याचं नाव विचारलं नव्हतं, त्यांच्यासाठी थांबायला कुणी नव्हतं.

आता या चित्रातला दुखरा भाग. टुरिस्ट व्हिसावर धंदा करता येत नाही. किनाऱ्यावरच्या शॅकचे परवाने गोवेकरांनाच मिळतात आणि ते दुसऱ्याला चालवायला देणं नियमात बसत नाही. तरी मागच्या दाराने ते होतं. परवाना गाववाल्याच्या नावावर, वीजबिल त्याच्या नावावर, पंचायतीचा ना-हरकत दाखला त्याच्या नावावर. स्वयंपाकघर, बुकिंग, गल्ला आणि गिऱ्हाईक परक्याच्या हातात. नाववाल्याला महिन्याला ठरावीक रक्कम. ही रक्कम पावसाळ्यात घर चालवते. त्यामुळे ती घेणाऱ्याला दोष देणं सोपं, पण अन्यायाचं. मासे कमी झाले, शेती पाण्यात गेली, मुलगा शिकून घरी बसला, अशा घरात महिन्याचे निश्चित पैसे नाकारायचे कसे? तरीही हा सौदा पेडण्याच्या तोट्याचा आहे, असं मी ठामपणे म्हणतो. 2014 च्या अखेरीस रुबल कोसळला आणि रशियन चार्टर विमानं कमी झाली, तेव्हा चालवणारे निघून गेले. थकलेली बिलं आणि नोटिसा नाववाल्याकडे आल्या. जामीनकीचा सगळा बोजा त्याच्यावर, आणि इतक्या वर्षांत धंद्यातलं त्याला काही शिकता आलेलं नाही.

इथे चीनचं उदाहरण खरंच उपयोगाचं आहे. 1979 मध्ये चीनने संयुक्त उद्योगांचा कायदा केला आणि परदेशी भांडवलाला दार उघडलं. पुढे कितीतरी क्षेत्रांत परक्याला चिनी भागीदार घेतल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. फोक्सवॅगनने 1984 मध्ये शांघायला करार केला. प्रवासी मोटारींच्या कारखान्यात परक्याचा हिस्सा निम्म्याहून जास्त नको, ही अट 2022 पर्यंत होती. सुट्या भागांपैकी अधिकाधिक भाग चीनमध्येच बनले पाहिजेत, असा आग्रह धरला गेला, आणि त्यासाठी चिनी कारागिरांना शिकवावं लागलं. चीनची राजवट, तिची बळजोरी मला आदर्श वाटत नाही. पण कँटनच्या हाँग व्यापाऱ्याला परक्याच्या चुकीची शिक्षा भोगावी लागत होती, आणि दोन शतकांनी त्याच देशातल्या भागीदाराने परक्याकडून कारखाना चालवण्याची विद्या मागून घेतली. जामीन राहायचं तर काय मागायचं, हे त्यांनी ठरवलं होतं.

पेडण्यात हे मागितलं जात नाही. किनाऱ्यावरच्या चांगल्या स्वयंपाकघरांत पास्ता, आंबवलेला जाड पाव, रशियन बोर्श्च सूप करणारे हात बहुधा नेपाळच्या किंवा उत्तर भारतातल्या मुलांचे असतात. ती मेहनती मुलं आहेत, त्यांनी शिकावंच. पण ज्या घराच्या अंगणात ते स्वयंपाकघर आहे, त्या घरातली मुलगी पणजीला नोकरी शोधत असते.

कायद्यात वाट आहे. हॉटेल आणि पर्यटन व्यवसायात परदेशी गुंतवणूक शंभर टक्क्यांपर्यंत चालते. बिझनेस व्हिसा घेऊन, कंपनी नोंदवून, गाववाल्याला खरा भागीदार करून काम करता येतं. त्याला वेळ आणि खर्च लागतो, म्हणून दोन्ही बाजूंना नुसतं नाव देण्याघेण्याची वाट जवळची वाटते. पाच वर्षांच्या भाडेकरारात घरमालकाला चार ओळी जास्त लिहून घेता येतील. घरातल्या एकाला पहिल्या हंगामापासून स्वयंपाकघरात किंवा हिशेबावर घ्यायचं. बुकिंगची वही मालकाला दाखवायची. वीज, पाणी आणि पंचायतीच्या देण्यापोटी अनामत वेगळी ठेवायची. करार संपताना गिऱ्हाईकांची यादी दोघांचीही राहील. वकिलाकडे जाऊन एका दुपारी होणारं हे काम आहे. 5 जानेवारी 2023 पासून मोपाच्या विमानतळावरून विमानं सुटू लागली. पूर्वी दाबोळीला उतरून झुआरी, मांडवी आणि शापोरा ओलांडत येणारा पाहुणा आता पेडणे तालुक्यातच उतरतो. किनाऱ्याजवळच्या जागांची मागणी वाढली आहे आणि करार करण्याची घाई आता समोरच्याला आहे, तेव्हा या ओळी घालून घ्यायला मोरजी-हरमलच्या घरांना याहून बरी वेळ मिळणार नाही.